गादीखालचे हिरो

त्यांच्या पलंगावर चढायला स्टूल लागत असे. पलंग साधाच होता, लोखंडी पट्ट्यांचा. पण पट्ट्या आणि गादी यांच्यामध्ये सिनेमाच्या पोस्टरांची थप्पी होती आणि ती दर शुक्रवारी वाढत होती. मी त्यांच्या खोलीवर पहिल्यांदा गेलो तेव्हा पलंगावर बसलं की माझे पाय जमिनीला टेकत. काही वर्षांनी ते लोंबकळू लागले. पुढे पुढे तर गादीवर बसलेला माणूस गल्ल्यावर बसलेल्या शेठसारखा दिसायचा.

"सर, एक दिवस छताला टेकाल," मी म्हणालो.

"टेकलो की छत फोडू," ते म्हणाले. "वर गच्चीच आहे."

आम्ही एकाच शाळेत शिकवत होतो. ते गणित, मी इतिहास. ते बऱ्हाणपूरच्या इतवारा पेठेत एका माडीवर दोन खोल्यांत एकटे राहत. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कोणी विचारलं तर पलंगाकडे बोट दाखवून म्हणत, "जागा कुठे आहे?" शाळेत मुलं त्यांना पोस्टरवाले सर म्हणत. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. गावाने त्यांना नंतर दिलेलं दुसरं नाव मात्र लिहावं लागणार आहे, कारण त्या नावासाठीच हे लिहायला बसलो आहे.

पोस्टरं जमवणारे पुष्कळ असतात. यांचं वेगळं होतं. छापील पोस्टराला ते हात लावत नसत. त्या काळी टॉकीजवाल्याकडे बाहेरून छापील पोस्टरं थोडीच येत. ती चौकातल्या मोक्याच्या भिंतींवर लागत. बाकीच्या भिंतींसाठी टॉकीजचा पेंटर भल्यामोठ्या कागदावर हाताने हिरो रंगवी. या पेंटरला चेहरे जमत नसत असं नाही, पण ते त्याच्या मनाप्रमाणे जमत. हिरो कुठलाही असो, तो पेंटरच्या मेहुण्यासारखा दिसे. व्हिलन घरमालकासारखा. हिरॉइनचे डोळे वर्षानुवर्षं एकच होते, ते कोणाचे याबद्दल गावात दोन मतं होती.

एकदा टॉकीजसमोर कोणीतरी त्याला म्हणालं, "भाऊ, हा तर तो हिरो वाटतच नाही!"

"खाली नाव लिहिलंय ना?" पेंटर म्हणाला. "मग तोच आहे."

हे उत्तर आमच्या सरांना इतकं आवडलं की ते त्यांनी वर्गात वापरलं. उत्तर चुकलेल्या मुलाला ते म्हणत, "खाली 'उत्तर' असं लिहिलंयस, म्हणून ते उत्तर होत नाही. ती सवलत फक्त पेंटरला."

त्यांच्या संग्रहात फक्त या पेंटरची पोस्टरं होती. "छापील हिरो साऱ्या हिंदुस्थानात सारखा," ते म्हणत. "हा वाकड्या नाकाचा फक्त बऱ्हाणपुरात मिळतो." आणि ज्या सिनेमांची पोस्टरं त्यांनी जन्मभर जमवली त्यांतला एकही सिनेमा त्यांनी पाहिला नव्हता. टॉकीजचा मॅनेजर त्यांना बाल्कनीत बसवायला तयार होता. हे जात नसत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "सिनेमा तीन तासांत सुटतो. हा बिचारा आठवडाभर उन्हात उभा असतो. मी याच्या बाजूचा."

आमच्या मुख्याध्यापकांना हे शिक्षकाला न शोभणारं वाटे. त्यांनी एकदा बोलावून तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सरांनी एक पोस्टर गुंडाळून नववीच्या वर्गात नेलं आणि फळ्यावर लटकवलं. "हिरोच्या डोक्याची रुंदी आणि छातीची रुंदी मोजा. गुणोत्तर काढा. मग एकमेकांची मोजा आणि सांगा, असा माणूस जगू शकेल का?" वर्गात जो गोंधळ झाला तो मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत ऐकू गेला. पण गुणोत्तर त्या वर्षी सगळ्यांना आलं, आणि मुख्याध्यापकांनी विषय पुन्हा काढला नाही.

पोस्टर काढण्याचे त्यांचे नियम कडक होते. सिनेमा शुक्रवारी बदलायचा. गुरुवारचा शेवटचा खेळ सुटेपर्यंत ते भिंतीला हात लावत नसत. "तोवर तो नोकरीवर आहे," म्हणत. शुक्रवारी उजाडताना, नवी पोस्टरं चिकटवणारा यायच्या आत, ते शनवारा दरवाजाजवळच्या भिंतीशी हजर असत. बरोबर ओलं गोणपाट. ते पोस्टरवर चोपून बसवायचं आणि समोरच्या टपरीवर चहा घेत थांबायचं.

"काय मास्तर, आज कोणाची आंघोळ?" टपरीवाला विचारायचा.

"हिरॉइनची."

"मग आम्ही तिकडे तोंड करून बसतो."

चहा संपेपर्यंत खळ सैल होई. मग वरच्या कोपऱ्यापासून, नखाने, मुळीच घाई न करता ते कागद सोडवत. तो गुंडाळून तापीकाठी राजघाटावर न्यायचा, पायरीवर पसरून उथळ पाण्यात तळहाताने उरलेली खळ धुवायची आणि दगडावर वाळवायचा. कपडे धुणाऱ्या बायका त्यांना हसत. "मास्तर, त्याची बुशर्ट धुऊन राहिले का? आमच्या चादरीबी घ्या ना मग!" ते म्हणत, "चादरीवर तोंड काढून आणा, मग धुतो."

घरी आल्यावर पॉवरलूमवाल्यांकडून आणलेल्या खराब कापडावर ते पोस्टर चिकटवत. त्या खळीत चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे कागदाला कसरीची कीड लागत नाही. मोरचुदाचे निळे खडे त्यांच्याकडे एका काचेच्या बरणीत असत. बरणी इतकी सुंदर दिसे की मी एकदा झाकण उघडायला गेलो. त्यांनी माझा हात धरला. "विष आहे ते. पूर्वी पोस्टर चिकटवणारे भिंतीवरच्या खळीतसुद्धा घालायचे, बकऱ्या येऊ नयेत म्हणून. मी इथल्या चिकटवणाऱ्या पोराला शपथ घातलीय, घालायचं नाही."

बकऱ्या हा त्यांच्या आयुष्यातला दुसरा मोठा विषय. खळ मैद्याची असते आणि बकरीला ती फार आवडते. शनवाऱ्यात शेवंताजिजी नावाची एक बाई राहायची. नवरा नव्हता, मूल नव्हतं, बकऱ्या होत्या. त्या दिवसरात्र मोकळ्या फिरत आणि पोस्टरं खालून वर खात जात. आधी हिरोचे बूट जात, मग कंबर. सरांना गुरुवारपर्यंत जीव मुठीत धरून बसावं लागे. शाळा सुटली की ते छत्री घेऊन भिंतीपाशी उभे राहत आणि भर रस्त्यात ओरडत, "एक दिवस तुम्हां सगळ्यांना मारून टाकीन!"

"मारा मास्तर, मारा," जिजी ओट्यावरून म्हणायची. "मंग मले सांभाळा तुमी!"

लोक हसत. पण शुक्रवारी पोस्टर काढल्यावर त्याच्या फाटक्या कडा ते त्याच बकऱ्यांपुढे टाकत. "कडा तुमच्या, चेहरा माझा," असं त्यांना बजावून सांगत. हे मी स्वतः ऐकलं आहे. ओरडणं मात्र सगळ्या गावाने ऐकलं होतं.

आता माझ्याकडे यायला हवं.

शाळेच्या गॅदरिंगला त्या वर्षी आम्ही शिक्षकांनी नाटक बसवलं. हिरो मी. तेव्हा मी तरुण होतो, मिशा बऱ्या होत्या, आणि शिक्षकांच्या खोलीत माझ्याइतका ताठ चालणारा दुसरा कोणी नव्हता. मी त्या पेंटरला गाठलं आणि नाटकाचं पोस्टर काढून घेतलं. त्यात नाटक कमी आणि मी जास्त होतो. पेंटरने सवयीप्रमाणे मेहुण्याचं नाक लावलं. माझ्या बायकोने ते पाहिलं आणि विचारलं, "हा कोण?" तरी मी खूश होतो. शनवाऱ्याच्या त्या भिंतीवर, जिथे सगळे हिरो लागायचे, तिथे मी लागलो.

दुपारी जिजीच्या बकऱ्यांनी मला गळ्यापर्यंत खाल्लं. संध्याकाळी टपरीवर कोणीतरी म्हणालं, "सर, तुमची दाढी तर बकरीनं फुकट करून दिली!" ते गावभर झालं. दुसऱ्या दिवशी वर्गात मागच्या बाकावरून बकरीचा आवाज आला.

मी पेंटरकडून दुसरं पोस्टर करून घेतलं. मग आमच्या सरांच्या खोलीवर गेलो आणि म्हणालो, "घरी पुस्तकांच्या कपाटात कसर झालीय. थोडं मोरचूद देता?"

त्यांनी बरणी काढली, कागदात पुडी बांधली. "चिमूटभर पुरतं," म्हणाले. "हात धुवा." माझ्याकडे कपाट नव्हतं, हे त्यांना माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. ते माझ्या घरी कधी आले नव्हते.

नाटकाच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः खळ शिजवली आणि पुडी त्यात सगळी रिकामी केली. बकऱ्या वासानेच लांब राहतील, फार तर तोंड लावून सोडून देतील, असं मला वाटलं होतं. त्यांना मारायचं माझ्या मनात नव्हतं. पण मरणार नाहीत याची खात्रीही मी करून घेतली नव्हती. अंधार पडल्यावर पोस्टर लावलं आणि हात धुऊन तालमीला गेलो.

सकाळी जिजीची दुभती बकरी ओट्याशी मरून पडली होती. तोंडाला निळसर हिरवा फेस. जिजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "माही रानी, माही रानी" एवढंच म्हणत होती. गर्दी जमली. मीही गेलो. भिंतीकडे पाहिलं तर पोस्टर नव्हतं. ओला चौकोन होता आणि त्याच्या कडांना निळा रंग उतरला होता.

"पोस्टर कुठे गेलं?" कोणीतरी म्हणालं.

"मास्तर घेऊन गेले. उजाडताना गोणपाट लावून काढत होते, मी दुकान उघडताना पाहिलं," टपरीवाला म्हणाला.

"आज शुक्रवार थोडाच आहे?"

"तेच तर!"

तेवढ्यावर सगळं जुळलं. पोस्टर लावलं कोणी, हे कोणाला विचारावंसं वाटलं नाही. बकऱ्यांना मारीन म्हणत होता, त्याच्या घरी विष आहे, आणि तोच पहाटे येऊन पुरावा काढून घेऊन गेला. जमाव इतवाऱ्याकडे निघाला. जिजी पुढे, लोक मागे, लोकांत मी. वाटेत बोलता आलं असतं. संध्याकाळी नाटक आहे, हा विचार माझ्या मनात होता. त्याहून मोठा विचार नव्हता. हे मी पुष्कळदा तपासून पाहिलं आहे.

सर बनियनवर जिन्यात आले. हात कोपरापर्यंत ओले.

"मास्तर, तुमच्याकडे मोरचूद आहे ना?" पुढच्याने विचारलं.

"आहे."

"जिजीच्या बकरीच्या पोटात तेच गेलं."

त्यांनी जिजीकडे पाहिलं. मग गर्दीवरून नजर फिरवली. ती माझ्यापाशी आली, थांबली नाही, पुढे गेली.

"मोरचूद माझंच आहे," ते म्हणाले.

गर्दीला एवढंच हवं होतं. कोणी शिव्या दिल्या, कोणी मारायला धावलं, बाकीच्यांनी आवरलं. जिजी रडायची थांबली होती. ती म्हणाली, "मास्तर, मी तर हसत होते तुमच्यावर. तुमी खरंच मनावर घेतलं का?"

संध्याकाळी नाटक झालं. मला टाळ्या पडल्या.

पोस्टर त्यांनी पहाटे का काढलं, ते मला फार उशिरा सुचलं. ते वेळेआधी भिंतीला हात लावणारे नव्हते. सकाळी फिरायला निघाले असतील, मेलेली बकरी आणि भिंतीवरची निळी खळ पाहिली असेल. बाकीच्या बकऱ्या त्या कागदापर्यंत पोचायच्या आत तो काढायला हवा होता, म्हणून काढला. इतकं साधं होतं. भिंतीशी दुसरा कोणीही असता तर लोकांनाही ते सुचलं असतं. माझं नाव वाचवणं हाही त्यांचा हेतू होता का, ते त्यांनाच ठाऊक.

त्या दिवसापासून ते बकरीमार मास्तर झाले. मुलं शाळेच्या भिंतीवर बकरी काढून खाली त्यांचं नाव लिहीत. पेंटरचीच सवलत म्हणायची ती. शनवाऱ्यात त्यांनी पुन्हा भिंतीला हात लावला नाही. एका शुक्रवारी गोणपाट घेऊन गेले होते, पण टपरीवाल्याने चहा दिला नाही. ते तसेच परत फिरले. त्यानंतर पलंगाची उंची वाढली नाही.

रोज संध्याकाळी मात्र ते केळीबाजारातून सालं आणि पानं गोळा करून जिजीच्या ओट्याखाली टाकून येत. जिजी आत निघून जाई. बकऱ्या यायच्या. लोक म्हणत, पाप फेडतोय.

मी एकदा सांगायचा प्रयत्न केला. राजघाटावर ते एकटे बसले होते. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "सर, त्या पुडीचं..."

"तुम्ही हिरोचं काम बरं केलंत म्हणे," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "सगळे सांगत होते. मी काही पाहिलं नाही."

त्यांनी माझं तोंड बंद केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी अर्धं वाक्य बोललो होतो, उरलेलं अर्धं बोलायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी चहा घेऊ म्हणालो. ते नको म्हणाले.

पुढे ते निवृत्त झाले, मीही झालो. टॉकीज बंद पडली. तिथे आता लग्नाचं लॉन आहे. पेंटर गेला, शेवंताजिजी गेली. तिला सांगायचं राहिलं ते राहिलंच. सर गेले तेव्हा मी अंत्ययात्रेला होतो. मागे दोन पोरं बोलत होती, "यही थे ना, बकरीवाले?"

परवा त्यांच्या पुतणीचा फोन आला. ती मुलांना चित्रकला शिकवते. हल्ली भिंतींवर मोठमोठे नट आणि क्रिकेटवाले रंगवतात, लोक तिथे उभे राहून फोटो काढतात. तसली एक-दोन चित्रं तिचीही आहेत. काकांचा पलंग हलवताना तिला थप्पी सापडली आणि तिने त्याचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. "काका, तुम्ही त्यांच्याबरोबरचे. उद्घाटनाच्या आधी एकदा येऊन बघून जा ना. थोडी माहिती चुकली असेल तर सांगा."

मी गेलो. हॉलमध्ये दोऱ्या बांधून पोस्टरं लावली होती. कापडावर चिकटवलेली, रंग अजून ताजे. पेंटरचा मेहुणा चारही बाजूंनी बघत होता. दारातच सरांचा फोटो होता आणि खाली पाटी: 'पोस्टरांच्या प्रेमापायी बकरीला विष घालणारा अवलिया.'

"मस्त आहे ना?" ती म्हणाली. "लोग इसी से कनेक्ट होते हैं, काका. लहानपणापासून ऐकलंय मी हे. शाळेत मला खूप चिडवायचे. आता मलाच गंमत वाटते."

मी पुढे गेलो. ती मला एका कोपऱ्यात घेऊन गेली.

"हा एक ओळखूच येत नाहीये. थप्पीत सगळ्यात वर हाच होता, गादीच्या अगदी खाली. म्हणजे काकांनी सगळ्यात शेवटी काढलेला. खालचं नाव फाटलंय. नेटवर टाकून बघितलं, कुठेच मिळेना. कौन सा हीरो है ये?"

कागदाच्या कडा निळ्या होत्या. हनुवटीच्या जागी बकरीच्या तोंडाएवढा घास गेलेला. कसर कुठेही लागलेली नव्हती. मिशा बऱ्या होत्या.

"हा हिरो नाही," मी म्हणालो. "हा मी."

ती हसली. "सच्ची, काका?"

मी तिला सांगितलं. वर लिहिलं तेवढंच, याच क्रमाने, मध्ये न थांबता. ती आधी पोस्टराकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग दोन्हीकडे बघायची बंद झाली. हॉलच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी शिडी ओढत होतं.

"मग त्यांनी कोणाला सांगितलं का नाही? बाबांना तरी?"

"माहीत नाही."

"मी स्वतः हसायचे त्यांना," ती म्हणाली. मग दारापाशी गेली आणि फोटोखालची पाटी काढून घेऊन आली. ती दुमडायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला.

"फाडू नको. इथे लाव, याच्याखाली."

"काका, लोग पढ़ेंगे. तुम्हाला सगळे ओळखतात इथे."

"नाकावरून नाही ओळखणार," मी म्हणालो. "म्हणून नाव लिही."

तिने पाटी टेबलावर ठेवली. 'पोस्टरांच्या प्रेमापायी' एवढं खोडलं आणि वर लिहिलं, 'स्वतःच्या पोस्टरापायी'. 'अवलिया' हा शब्दही खोडला. तिथे काय लिहायचं ते तिला सुचेना. जागा तशीच सोडून तिने माझ्याकडे पाहिलं.

मी नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, पूर्ण, हजेरीला सांगतात तसं.